एकटीने स्कीइंग शिकायला जायचं आहे. भारतात स्वस्त हॉस्टेल किंवा डॉर्म मिळेल का?

तुम्ही तपशिलात लिहिलंय की वय २७, पुण्यात नोकरी, सुट्टी दहा दिवसांची, सोबत कुणी नाही, आणि हॉटेलच्या अख्ख्या खोलीचं भाडं एकटीने भरायचं जिवावर येतं. स्की आजवर फक्त मोबाइलवर पाहिलेत. नाशकात बसून मीही एकेकाळी हेच शोधत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिळतं. पण खाटेचा भाव विचारायच्या आधी एक विचारा: रात्री बूट कुठे वाळतात?

हसू नका. स्की बूट म्हणजे बाहेरून टणक प्लॅस्टिकचं कवच आणि आत मऊ लायनर. दिवसभरात घाम आणि बर्फ पिऊन तो लायनर ओला गच्च होतो. रात्री बूट थंड खोलीत राहिला तर सकाळी आतलं पाणी गोठतं, वरचं प्लॅस्टिक दगडासारखं कडक होतं आणि पाय आत जातच नाही. गेलाच तर पुढचे दोन तास बोटं आहेत की नाहीत हे कळत नाही. आल्प्समधल्या हॉस्टेलात यासाठी तळमजल्यावर वेगळी खोली असते, गरम हवेच्या नळ्यांवर बूट उलटे अडकवून ठेवायचे. आपल्याकडे मी राहिले त्यांतल्या एकाही जागी असली खोली नव्हती. म्हणजे बूट वाळणार ते शेगडीजवळ, आणि शेगडी कुठल्या खोलीत, किती वाजेपर्यंत पेटते, यावर तुमचा दुसरा दिवस ठरणार.

माझी सुरुवात उत्तराखंडमधल्या औलीला झाली, २०१९च्या जानेवारीत. गढवाल मंडल विकास निगम हे सरकारी पर्यटन महामंडळ तिथे सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्स घेतं. राहणं, जेवण, स्की, बूट, शिकवणं, सगळं एका फीमध्ये. एकट्या माणसाला आणि त्यातही पहिलटकराला यापेक्षा स्वस्त आणि बिनडोकेदुखीचं काही मला अजून सापडलेलं नाही. डॉर्मिटरी म्हणजे ओळीने खाटा, जाड रजया, बादलीतून मिळणारं गरम पाणी. पडदा, चार्जिंग पॉइंट, लॉकर असले लाड नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत कॅरीमॅट टाकून झोपलेल्या माणसाला ते पंचतारांकित वाटेल. माझ्या खोलीत आम्ही सहा जणी होतो. पहिल्या दिवशी सगळ्या सारख्याच पडलो, त्यामुळे रात्रीपर्यंत ओळख करून घ्यायची गरजच उरली नव्हती. सकाळी दार उघडलं की समोर नंदादेवी, आणि उतार चालत जाण्याइतका जवळ. हा जवळपणा पैशात मोजायला विसरू नका, पुढे येतोच त्यावर.

एक मोठा बदल मात्र लक्षात ठेवा. मी गेले तेव्हा जोशीमठहून औलीला रोपवेने गेले होते, जवळजवळ चार किलोमीटरचा. २०२३च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि रोपवे बंद झाला. तेव्हा रस्त्याने जायचंय असंच धरून चला. (जोशीमठाचं नावही आता सरकारदरबारी ज्योतिर्मठ झालंय, नकाशात गोंधळू नका.) ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, डोंगरातला रस्ता, अख्खा दिवस मोडतो. पुण्याहून जाऊन-येऊन चार दिवस प्रवासातच जातात. तुमच्या दहा दिवसांत सात दिवसांचा कोर्स बसत नाही. दोन दिवस रजा वाढवता आली तर मी डोळे मिटून औली म्हणेन.

गुलमर्ग वेगळं प्रकरण आहे. श्रीनगरला विमानाने उतरायचं, तिथून पन्नासेक किलोमीटर. दहा दिवसांत आठ दिवस बर्फावर मिळू शकतात. पण गुलमर्ग गावात, म्हणजे वर २६५० मीटरवर, राहायच्या जागा मोजक्या आणि हंगामात महाग. म्हणून कमी पैशात येणारे सगळे खाली तंगमर्गला राहतात. वरपासून तेरा किलोमीटर. तिथे घरगुती गेस्ट हाउस आहेत, आणि परदेशी स्कीअर महिना-महिना येऊन राहत असल्यामुळे काहींनी एका खोलीत चार-सहा खाटा टाकल्यात. 'हॉस्टेल' अशी पाटी असेलच असं नाही. फोन करून "शेअरिंगमध्ये बेड आहे का?" असं विचारायचं.

मी २०२२च्या फेब्रुवारीत अशाच एका घरी नऊ रात्री राहिले. खाट आणि दोन वेळचं जेवण मिळून रोजचे अकराशे रुपये. खोलीत लाकडी बंक होते. मला वरचा मिळाला म्हणून मी आधी कुरकुरले, मग कळलं की खोलीतली सगळी ऊब वरच साचते. खालचीला दोन रजया लागायच्या, मला एक. आता मी वरचाच मागते. मात्र रात्री उठायची सवय असेल तर खालचा घ्या, दिवसभर स्की करून दुखणाऱ्या मांड्यांनी अंधारात शिडी उतरणं म्हणजे शिक्षा.

घरातल्या आजींना सगळे 'मौज' म्हणत, काश्मिरीत आई. संध्याकाळी सहा वाजता त्या बैठकीच्या खोलीतली बुखारी पेटवत. बुखारी म्हणजे पत्र्याची लाकडावर चालणारी शेगडी, धुराडं छतातून बाहेर. सगळ्यांचे लायनर, हातमोजे, मोजे तिच्याभोवती गोल मांडलेले असायचे, आणि त्या वासात आम्ही जेवायचो. तिसऱ्या दिवशी मला घाई होती. माझे लायनर मी सगळ्यांच्या पुढे, बुखारीपासून वीतभर अंतरावर ठेवले आणि चहा प्यायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तर उजव्या लायनरची टाच पापडासारखी फुगून काळी पडलेली. मौजनी तो उचलून उलटासुलटा केला, काही बोलल्या नाहीत, आणि भिंतीजवळ, बुखारीपासून दोन हात लांब, चटईवर ठेवून दिला. बाकीचे पण सरकवले. बूट भाड्याचे होते. दुकानदाराला पंधराशे रुपये भरून दिले, म्हणजे एका दिवसाच्या खाटेपेक्षा जास्त. तेव्हा हे लक्षात ठेवा: आधी कवचातून लायनर बाहेर काढायचा, आणि शेगडीजवळ तुमचा तळहात जिथे मिनिटभर आरामात राहतो तिथेच तो ठेवायचा.

आता त्या तेरा किलोमीटरचा हिशेब. बर्फ पडला की साधी गाडी वर सोडत नाहीत, चेन लावलेली किंवा फोर बाय फोर लागते. शेअर सुमो मिळते, पण ती भरेपर्यंत थांबावं लागतं. एकटी असाल आणि सुमो भरत नसेल तर रिकाम्या सीटचे पैसे भरायचा मोह होतो. एकदा मी भरले, आणि त्या दिवशी गुलमर्गलाच राहिले असते तर बरं, असं वाटलं. गेस्ट हाउसमध्ये पाच-सहा स्कीअर असतील तर गाडी रोज ठरलेल्या वेळी निघते आणि वाटणीत येणारा खर्च क्षुल्लक होतो. म्हणून फोनवर दुसरा प्रश्न हा विचारा: "सध्या तुमच्याकडे स्की करणारे किती जण आहेत?" उत्तर "कोणी नाही, पण दोन फॅमिली आहेत" असं आलं तर दुसरीकडे फोन लावा.

हे नुसतं गाडीसाठी नाही. गुलमर्गच्या गोंडोल्याचे, म्हणजे केबल कारचे, दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या कडेला, जवळजवळ ३९५० मीटरवर. दुसऱ्या टप्प्याच्या वर बहुतेक सगळा डोंगर मोकळा आहे आणि तिथे हिमस्खलनं होतात. २०२३च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४च्या फेब्रुवारीत एक रशियन. तुम्हाला पहिल्या वर्षी तिकडे जायचं कारणच नाही, खालच्या मैदानातल्या उतारावर आठ दिवस सहज पुरतात. पण डॉर्ममध्ये संध्याकाळी कुणीतरी म्हणतंच, "उद्या चल ना वर, सोपं आहे." तीन दिवस शिकलेल्या माणसाला ते खरं वाटतं. मलाही वाटलं होतं. खालच्या बंकवरच्या एका बंगाली ताईंनी मला विचारलं, "बीकन वापरता येतो का?" मला बीकन म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायला अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र.) विषय तिथेच संपला. खाटेशेजारी असं माणूस असणं हा डॉर्मचा खरा फायदा आहे, आणि तो एकट्या खोलीत मिळत नाही.

गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग ही संस्थाही आहे. तिचे कोर्स औलीसारखेच, राहण्याजेवणासकट. जागा लवकर भरतात, त्यामुळे शरद ऋतूतच चौकशी सुरू करा. मिळालं तर वरचं सगळं विसरा आणि तिथेच जा.

मनालीबद्दल थोडक्यात. तुमच्या डोक्यात हॉस्टेलचं जे चित्र असेल, पडदे लावलेले बंक, लॉकर, मुलींची वेगळी डॉर्म, कॉमन रूममध्ये गिटार, ते ओल्ड मनाली आणि वशिष्ठमध्ये हुबेहूब मिळतं. हिवाळ्यात पाचशे ते हजारात. बुखारीला तिथे तंदूर म्हणतात एवढाच फरक. मी चार दिवस राहिले, मजा आली, स्कीइंग मात्र जेमतेम झालं. डॉर्ममधले बाकीचे लॅपटॉप उघडून बसलेले, सकाळी नऊला सोलंगला, म्हणजे स्कीच्या उतारावर, निघायला कुणी तयार नाही. सोलंग तेरा किलोमीटर, आणि ताजा बर्फ पडला की नेहरू कुंडाच्या पुढे फोर बाय फोरशिवाय सोडत नाहीत. उतारावर स्कीपेक्षा फोटो काढणाऱ्यांची गर्दी. शिकायचंच असेल तर तिथल्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचा चौदा दिवसांचा बेसिक कोर्स उत्तम, पण तुमची रजा तेवढी नाही.

एकट्या बाईला सुरक्षित वाटतं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. औलीला आणि तंगमर्गला मला एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही. तंगमर्गला खोली मिश्र होती. मी आधीच सांगितलं होतं की खोलीत दुसरी बाई असेल तरच खाट घेईन, आणि त्यांनी तसं केलं. स्पष्ट विचारा, तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. आणि पोस्टपेड सिम घेऊन जा. बाहेरचं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. विमानतळावर उतरल्यावर हे कळलं तर गेस्ट हाउसवाल्याला फोन कसा करणार?

तारखा शक्यतो जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस काश्मीरमधले सर्वांत थंड, चिल्लई कलान, आणि बर्फाचा थर तेव्हा बसतो. पण २०२४चा जानेवारी जवळजवळ अख्खा कोरडा गेला, गुलमर्गची कुरणं तपकिरी दिसत होती. त्यामुळे खाटेचे सगळे पैसे आगाऊ भरू नका. पहिल्या दोन रात्रींचे भरा, बाकीचे तिथे. बहुतेक जण ऐकतात.

सामानात स्वतःचे हातमोजे आणि गॉगल घ्या, बाकी सगळं भाड्याने मिळतं. कुलूप न्या, इअरप्लग न्या. आणि घरची आठवड्याची रद्दी न्या. ज्या रात्री वीज नाही, लाकूड ओलं आहे आणि बुखारी नुसती धूर सोडते, त्या रात्री लायनरमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून झोपायचं, मध्ये एकदा जाग आली तर ते बदलायचे. तंगमर्गला शेवटच्या दोन रात्री अख्ख्या खोलीचे बूट माझ्या नाशकातून आणलेल्या पेपरांवर वाळले.