बुना-एन, एनबीआर अन नायट्राईलचा घोळ

भावा, वाळूजला स्टोअरमध्ये नवीन लागलास ना, मग आधी हे डोक्यात घे. एका ड्रॉइंगवर बुना-एन लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर एनबीआर, अन लाईनवरचा माणूस येऊन नायट्राईल मागतो, पोरं तीन वेगळे माल समजून हुडकत बसायलेत, अरे एकच रबर आहे ते. बुना हे नाव जर्मनीतलं, ब्युटाडाईनमधला बु अन नाट्रियम म्हणजे सोडियम त्याचा ना, कारण सुरुवातीला सोडियम वापरूनच बनवायचे. पण शेवटचा एन मात्र नायट्राईलचा, सोडियमचा नाही, इथं भलेभले फसतात. बुना-एस म्हणजे स्टायरीनवालं एसबीआर, टायरमध्ये जातं ते, तेलात फुगतं.

डिझेल, ग्रीस, हायड्रॉलिक ऑईल असलं की नायट्राईल दे. गाडीच्या नेहमीच्या ब्रेक फ्लुइडला ईपीडीएम, म्हणजे दुसऱ्या जातीचं रबर, तिथं उलटं करू नको. मी पहिल्या महिन्यात दोन्हीच्या ओ-रिंगा, म्हणजे गळती थांबवायच्या गोल रबरी रिंगा, एकाच डब्यात टाकल्या होत्या, लई बोलणी खाल्ली राव, दोन्ही काळ्याच, नुसतं बघून काय कळणार? डाऊट आला तर एक रिंग व्हर्नियरनं मोजून रात्रभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेव, सकाळी चांगलीच फुगली असली तर ती नायट्राईल नाही. अन ती रिंग परत डब्यात टाकू नको बरं.