एनएफएचएस की पोषण ट्रॅकर: कुपोषणाचा कोणता आकडा धरायचा?

तुमचा प्रश्न असा: एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा तालुक्यांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं कुपोषण अभ्यासायचंय, पण एनएफएचएसचा आकडा वेगळा, पोषण ट्रॅकरचा (अंगणवाडी सेविका मुलांची वजनं-उंची भरतात त्या सरकारी अ‍ॅपचा) वेगळा, आणि तालुक्याचा तर कुठे सापडतच नाही. मग खरा कोणता?

तालुक्याचं आधी सांगते, म्हणजे तुमचे दोन-चार दिवस वाचतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे एनएफएचएसमध्ये, तालुक्याचा आकडा नाहीच. ते नमुना सर्वेक्षण आहे. पाचव्या फेरीत (एनएफएचएस-5) महाराष्ट्रात साधारण साडेएकतीस हजार घरं घेतली. 36 जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्याला सरासरी नऊशेच्या आतबाहेर येतात. त्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांची संख्या काही शेकड्यांत. एवढ्यातून जिल्ह्याचं चित्र उभं राहतं, मोखाड्याचं नाही. कुणी 'एनएफएचएसनुसार मोखाड्यात इतके टक्के' असं लिहिलेलं दिसलं, तर तो आकडा उचलू नका.

आता खरा कोणता. माझ्या मते प्रश्न असा विचारा: हा आकडा कोणत्या मुलांचा, आणि कोणत्या महिन्यातला? एवढं विचारलं की निम्मा गोंधळ मिटतो.

देशाचंच बघा. एनएफएचएस-5 मध्ये लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असणं, 19.3 टक्के आहे. पोषण ट्रॅकरवर तो पाच-सहा टक्क्यांच्या आसपास दिसत आलाय. खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असणं, मात्र दोन्हीकडे पस्तिशीच्या आसपास. हे पाहून लोक लगेच म्हणतात, सेविका खोटं भरतात. असं सरसकट म्हणणं मला मान्य नाही. ट्रॅकरमध्ये अंगणवाडीत नोंद असलेली आणि त्या महिन्यात मोजलेली मुलं येतात. सर्वेक्षणवाले निवडलेल्या घरी जातात, मूल अंगणवाडीत येवो न येवो. शिवाय लुकडेपणा चार आठवड्यांच्या जुलाबानेही बदलतो, खुजेपणा तसा बदलत नाही. महाराष्ट्रातलं एनएफएचएस-5 चं काम 2019 च्या जून ते डिसेंबरमध्ये झालं. त्यातला मोठा भाग पावसाळ्याचा, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात घरातलं धान्य संपतं ते नेमकं तेव्हाच. उलट दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात ती शिमगा ते पावसाळा या दरम्यान परततात. जानेवारीत पाड्यावर वजन करायला गेलात तर जी मुलं सगळ्यात जास्त अडचणीत, तीच तिथे नसतात.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका. मी बरीच वर्षं याच भागात बालपोषणाचं काम करते. पालघरचं एनएफएचएस-5 चं माहितीपत्रक आलं तेव्हा मी उत्साहाने त्याच्या शेजारी ठाणे जिल्ह्याचा एनएफएचएस-4 चा आकडा ठेवला आणि 'पाच वर्षांतला बदल' असा तक्ता अहवालात घातला. छापायच्या आधी एका निवृत्त पर्यवेक्षिकेला वाचायला दिला. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "ताई, यात कल्याण-डोंबिवलीची पोरं पण आहेत ना?" होती. पालघर वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, पण एनएफएचएस-4 ने 2011 च्या जनगणनेतले जिल्हे धरले होते. म्हणजे मी अख्ख्या जुन्या ठाण्याची तुलना एकट्या पालघरशी करत होते. तक्ता काढून टाकला. बाईंना विचारलं नसतं तर एका बनावट बदलावर आमचं पुढच्या वर्षाचं नियोजन उभं राहिलं असतं.

माहितीपत्रक वाचताना तळटिपा आधी वाचा. कंसातला आकडा म्हणजे मागे फक्त 25 ते 49 मुलं, आणि फुली (*) म्हणजे 25 पेक्षा कमी, म्हणून आकडाच दिलेला नाही. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या आहाराच्या ओळीत जिल्हा पातळीवर हे हमखास भेटतं. कंस काढून तो आकडा प्रबंधात घालणं म्हणजे वाचकाची फसवणूक. तसंच लहान फरकांवर मोठी वाक्यं लिहू नका. एनएफएचएस-4 ते 5 या काळात राज्यात खुजेपणा 34.4 टक्क्यांवरून 35.2 झाला, नमुन्यातून निघालेल्या आकड्यांत एवढ्या फरकावर 'खुजेपणा वाढला' असं ठामपणे लिहिता येत नाही. लुकडेपणा दोन्ही फेऱ्यांत 25.6 आहे, पण त्यातला तीव्र लुकडेपणा 9.4 वरून 10.9 वर गेला. एकच ओळ पाहणारा 'काही बदललं नाही' म्हणून पान उलटतो.

अर्भकमृत्यूदरही (वर्षाच्या आतल्या बाळांचा) लागणार असेल तर तिथेही हाच धडा. महाराष्ट्राचा एनएफएचएस-5 चा दर हजारी 23.2, आणि नमुना नोंदणी पद्धतीचा (एसआरएस, जन्म-मृत्यूंची सरकारी नमुना नोंद) 2020 चा 16. पहिला सर्वेक्षणाआधीच्या पाच वर्षांचा, दुसरा एका वर्षाचा. एका आलेखात जोडू नका.

तालुक्यासाठी मार्ग एकच: एकात्मिक बाल विकास प्रकल्पाच्या कार्यालयात लेखी अर्ज करून बीटनिहाय (बीट म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांचा गट) मासिक आकडे मागा. सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) मुलांच्या संख्येबरोबर 'नोंद असलेली मुलं' आणि 'मोजलेली मुलं' हे दोन रकाने अवश्य मागा. ते नसतील तर टक्केवारीला अर्थ नाही.

आणि एक दिवस वजनाच्या दिवशी अंगणवाडीत बसा. मी पाहिलेलं सांगते. दोन वर्षं पूर्ण झालेला मुलगा उभा केला, रडत होता, गुडघे वाकलेले. पट्टीवर 80.6 सेंटिमीटर. सेविकेने मदतनीसाला गुडघे धरायला सांगितले, टाचा भिंतीला टेकवल्या, तेव्हा 81.3. त्या वयाच्या मुलग्याची खुजेपणाची रेघ 81.0 वर आहे. सात मिलिमीटरने तो एका रकान्यातून दुसऱ्यात गेला. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं असतं, उभं मोजलं तर 0.7 सेंटिमीटर मिळवायचे असतात, हेही कुठे कुठे राहून जातं. आणि जन्मतारीख 'पोळ्याच्या आधी' एवढीच ठाऊक असेल तर वयाचा एखादा महिना इकडेतिकडे होतो, तोही उंचीच्या गणितात उतरतो. असं मोजमाप एकदा पाहिलंत की दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर किती भार टाकायचा ते आपोआप कळेल.

शेवटी एक विनंती. बीटनिहाय तक्ता छापाल तेव्हा ज्या पाड्यावर एक-दोनच सॅम मुलं आहेत त्या पाड्याचं नाव लिहू नका, शेजारच्या पाड्यांत मिळवून द्या. गावात सगळ्यांना कळतं ते कोणाचं मूल, आणि बोल त्याच्या आईला लागतात.