तुझा मासा अजून घाबरत नाही

परभणी
रविवार, दुपार

लेकी,

तू बनवून पाठवलेला माशाचा गेम परवा रात्री फोनवर घेतला आणि आज सकाळपर्यंत खेळत होतो. मध्ये झोपलो तेवढंच. तुझी काकू म्हणाली, "पन्नाशी उलटली, आता तरी तो मोबाइल खाली ठेवा." तुझ्या गेमला मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्रक हेच समज. बाकीचं लिहूनच कळवतोय, कारण फोनवर तू "हो काका, हो काका" करत राहतेस आणि पुढच्या आठवड्यात तेच कोड परत पाठवतेस.

माझी तक्रार एकच आहे, बाकीच्या सगळ्या तिच्या पोटातल्या. तुझा मासा घाबरत नाही. पहिलं मिनिटभर घाबरतो, तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर सगळ्यांत मोठा होतो, आणि मग नुसता चरत बसतो. म्हैस रवंथ करते तसा.

2006 च्या सुमाराला स्टँडजवळ माझा सायबर कॅफे होता, हे तुझ्या बाबांनी सांगितलं असेल. सहा कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि दिवसातले कित्येक तास लोडशेडिंग. दोनच वर्षांपूर्वी, 2004 ला, 'फीडिंग फ्रेन्झी' नावाचा गेम आला होता. त्याची फुकट खेळायची चाचणी आवृत्ती मी सगळ्या मशीनवर टाकून ठेवली होती. माउस हलवला की मासा हलायचा, बटण दाबलं की झेप घ्यायचा. लहान मासे खायचे, मोठ्यांपासून पळायचं, संपलं. वर एक पट्टी, तिच्यावर तीन टप्पे; टप्पा भरला की मासा एकदम मोठा व्हायचा. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट यायची.

मी गल्ल्यावर बसून पडदे बघत नव्हतो, पोरांचे खांदे बघायचो. खरंच सांगतो. पोरगं मासे खात असलं की खांदे सैल, तोंड उघडं. पडद्याच्या कडेने शार्क आला तरी फार काही नाही. शार्क म्हणजे पळायचं, त्यात ठरवायचं काय? पण आपल्याच मापाचा एखादा मासा समोरून आला, की डावा खांदा कानाला लागायचा. मावतोय का हा माझ्या तोंडात? का मीच त्याच्या? अर्धा सेकंद. मग एक तर "खाल्लं!" नाहीतर "मेलो की ओ सर!" एका पोराने तर मासा वाचवायला स्वतःच खुर्चीत इतकं अंग वळवलं, की खुर्चीसकट खाली आलं. गेम म्हणजे तो अर्धा सेकंद. खाणं हे निमित्त.

ही कल्पना काही माझ्या कॅफेत जन्मली नाही. 1982 ला 'इंटेलिव्हिजन' नावाच्या घरगुती यंत्रावर 'शार्क! शार्क!' आला, त्यातही लहानाला खाऊन मोठं व्हायचं होतं. त्यातली एक खोड मला फार आवडते: शार्कच्या शेपटीला मागून चावे घेऊन शार्कलाही मारता यायचं. म्हणजे सगळ्यांत मोठ्यालाही एक घाबरायची जागा ठेवलेली होती. आणि आपल्याकडे तर याला दोन हजार वर्षांपासून शब्द आहे, मात्स्यन्याय. राजा नसला की मोठा मासा लहानाला गिळतो, असं कौटिल्य सांगतो. तुझ्या गेममध्ये राजा तू आहेस, तेव्हा दंड कुणाला किती, हे तुलाच ठरवायचंय.

आता हिशेबावर येतो. कोड उघडून बघितलं. कोणताही मासा खाल्ला, की तू लांबी 2 टक्क्यांनी वाढवतेस. अगं, हे सावकारी चक्रवाढ व्याज आहे! 35 मासे खाल्ले की लांबी दुप्पट, 70 खाल्ले की चौपट. म्हणून तिसऱ्या मिनिटाला कुणी उरत नाही. शिवाय चिमुकला मासा खाल्ला काय किंवा जवळजवळ आपल्याएवढा खाल्ला काय, वाढ सारखीच. मग कुठला शहाणा जोखीम घेईल? कोपऱ्यात बसून बारकं बारकं टिपत राहील. मी तेच केलं.

त्याऐवजी क्षेत्रफळ मोज. खाल्लेल्या माशाचं क्षेत्रफळ आपल्या क्षेत्रफळात मिळवायचं आणि त्याच्या वर्गमुळावरून लांबी काढायची. कागदावर करून बघ: तुझा मासा 100 लांबीचा आहे, त्याने 10 लांबीचा खाल्ला, तर क्षेत्रफळ शंभरातल्या एका भागाने वाढलं आणि लांबी झाली साधारण 100.5. दुप्पट व्हायला असले 300 मासे लागतील. पण 50 लांबीचा खाल्ला, तर पाव क्षेत्रफळ एका घासात, आणि लांबी जवळजवळ 112. असले 12 खाल्ले की काम झालं. तीनशे बारके, का बारा धोक्याचे? बघ, हाव कुठून आली ते. तू काहीच लिहिलं नाहीस, वर्गमुळाने लिहिलं.

मात्र हा हिशेब आत ठेवायचा. बाहेर दिसणारं माप तीन-चार टप्प्यांनीच उडी मारू दे. हलणाऱ्या दोन माशांत दहा टक्क्यांचा फरक डोळ्याला कळत नाही, आणि न कळता मेलेला खेळाडू गेमला शिव्या देतो. तुझे मामा मासा काट्यावर न टाकता "हा सव्वा किलो" म्हणतात, पण त्यांचा हात तीस वर्षांचा आहे. खेळाडूला शंका यावी, पण नीट नजर टाकली की फिटावी. त्यासाठी रंगावर भिस्त नको. मे महिन्याच्या उन्हात स्टँडवर फोन धरून बघ, लाल आणि केशरी एकच दिसतात. आकार बदल, पोहण्याची ढब बदल.

दोन अन्यायही निस्तर. पहिला: तुझ्या माशाभोवती एकच मोठं वर्तुळ आहे, त्यामुळे तो शेपटीनेही खातो. मला आधी वाटलं माझाच चष्मा. तोंडाजवळ लहान वर्तुळ ठेव. खेळाडूचं दिसतं त्याहून जरा मोठं, शत्रूचं दिसतं त्याहून जरा लहान. थोडक्यात वाचलो असं वाटू दे माणसाला. दुसरा: सातव्या पातळीतला शार्क तुझ्या फोनवर सेकंदाला 600 पिक्सेल पळतो आणि थेट कडेवर उगवतो. खेळाडू कडेपासून 100 पिक्सेलवर असला तर त्याच्याकडे उरला सेकंदाचा सहावा भाग. दिसलेलं कळून बोट हलेपर्यंतच माणसाचा पाव सेकंद जातो. तो हरला नाही, त्याला खेळायलाच मिळालं नाही. शार्क यायच्या आधी पाण्यात सावली पाठव, बुडबुडे पाठव, लहान मासे एका दिशेने पळताना दाखव. हे शेवटचं मला जास्त आवडेल.

(सातव्या पातळीपर्यंत मी पोचलो कसा, हा प्रश्न तुला पडला असेल. तू मासे दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या दर चित्राला, ठरावीक पिक्सेल सरकवतेस. तुझ्या फोनवर सेकंदाला 60 फ्रेम निघतात, माझ्या जुन्या फोनवर जेमतेम 30, त्यामुळे माझ्याकडे सगळं तळं अर्ध्या वेगाने चालतं. वेग सेकंदात मोज आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुण. मग मी तिसऱ्या पातळीतच मरेन, चालेल.)

आता मुख्य गोष्ट. तू पैठणची. आजोळ नाथसागराच्या काठाला, मामा पहाटे होडी घेऊन जातात. आणि तुझ्या गेममध्ये काय? प्रवाळ, केशरी पट्ट्यांचे मासे, बुडालेल्या जहाजातली पेटी. हे सगळं लोकांनी तुझ्याआधी आणि तुझ्यापेक्षा चांगलं काढून ठेवलंय. गावाचं नाव मोठं करायला सांगत नाहीये मी. सांगतोय ते यासाठी, की माशाला घाबरवायचं कसं या प्रश्नाचं उत्तर मामांच्या होडीत पडलेलं आहे.

उभं सोडलेलं जाळं आठव. लहान मासा त्याच्या भोकातून आरपार जातो. मधल्या मापाचा डोकं घालतो, अंग जात नाही, मागे फिरायला गेला की कल्ले अडकतात. त्याहून खूप मोठ्याचं बहुतेक तोंडच आत शिरत नाही, तो आपटून मागे येतो. एकच जाळं, तीन मापांना तीन न्याय! हे गेममध्ये घाल. पहिल्या टप्प्यावर जाळं म्हणजे आसरा: मोठा मागे लागला की पलीकडे निसटायचं. दुसऱ्या टप्प्याला त्याच सवयीने खेळाडू जाळ्याकडे धावेल आणि अडकेल. एकदाच अडकेल, पण ओरडेल बघ. तिसऱ्या टप्प्याला जाळं म्हणजे भिंत, आणि पलीकडे बारकी मासळी मजेत फिरतेय, जी आता तुला मिळत नाही. मोठं होण्याची किंमत आली की नाही? आणि एक अक्षर सूचना लिहावी लागली नाही.

दुसरी, मरळ. मरळ शार्कसारखी मागे धावत नाही. शेवाळात, पाणवनस्पतींत लाकडासारखी पडून असते आणि टप्प्यात आलं की झडप घालते. तिला वरची हवा लागते, म्हणून मधूनमधून पृष्ठभागावर येऊन घोट घेऊन जाते. तुझ्या खेळाडूला ती कुठे दडलीय हे कळायचा तोच एक क्षण. पाण्यावर गोल तरंग उठला, आता त्या झुडपाजवळ जायचं नाही. पण तिथून ती सरकली असेल तर? आणि तिची पिल्लं बघितलीस ना, लालसर, घोळक्याने वर तरंगणारी? लांबून वाटतं कुंकू सांडलंय. खेळाडूला ते पंचवीस घास एका जागी दिसतील, आणि खाली मोठी मरळ राखण करत असेल. कितीही मोठा झालेला खेळाडू तिथे थबकेल. मला तो खांदा कानाला लागलेला इथून दिसतोय.

कटला वरच्या थरात खातो, राहू मधल्या, मृगळ तळाशी. शेततळ्यात तिन्ही एकत्र सोडतात ते त्यामुळेच. पडद्याचे तीन थर तुला आयते मिळाले. पावसाळ्यातलं पहिलं गढूळ पाणी आलं की दिसायचं अंतर कमी कर, वेगळी पातळी काढायची गरज नाही. चिलापी पिल्लांना तोंडात लपवते, त्याचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही, तुला सुचलं तर सांग.

संगीत बंद करता आलं पाहिजे. मेल्याबरोबर जाहिरात नको. माणूस आधीच चिडलेला असतो.

आणि फाइली तीन ठिकाणी ठेव. हे चिडून लिहितोय, कारण मीही मासा केला होता. 2009 ला, फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आठ महिने रात्री बसून. माझ्या माशालाही भीती नव्हती. शेवटी तो एवढा वाढायचा की पडदाभर फक्त खवले दिसायचे, आणि मला वाटायचं काय भव्य झालंय. कॅफेतल्या पोरांनी दोन दिवस खेळून सोडला. का सोडला ते कळायला मला पुढची चार वर्षं लागली. दुरुस्त करायला बसलो, तर मधल्या काळात व्होल्टेज वरखाली होऊन हार्ड डिस्क जळालेली, मूळ फाइल तिच्यातच. वेबसाइटवर चढवलेली प्रत होती, तीही 2020 च्या डिसेंबरात फ्लॅशच बंद झाल्यावर गेली. आता तो गेम फक्त माझ्या डोक्यात चालतो, आणि तिथे तो फार छान आहे.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळं करू नकोस. एक तळं, तीन टप्पे, एक जाळं, एक मरळ. शार्क काढून टाक. चित्रं नसली तरी चालतील, साधे लंबगोल काढ. लंबगोलाने घाबरवता आलं तर चित्रांनी येईलच. झालं की शेजारच्या पोराच्या हातात दे आणि तू गप्प बस. "तिकडे जा, हे दाब" असलं काही सांगायचं नाही. फोनकडे बघू नकोस, तुला माहितीय कुठे बघायचं ते.

मामांना दोन गोष्टी विचारून ये: मरळीची ती लाल पिल्लं साधारण किती दिवस घोळक्यात राहतात, आणि जाळ्याला धडकलेला मोठा मासा मागे फिरतो की जाळ्याच्या कडेकडेने चालत राहतो. दुसऱ्याचं उत्तर मला कोडसाठी हवंय. येताना तुझा जुना, तडा गेलेला फोनही आण. काकूने विचारलंय, राहणार आहेस की संध्याकाळच्या गाडीने परत?

तुझा,
काका