रविवारी चर्चला किल्ट घालून गेलेलं चालतं का? भारतीय माणसाने घातला तर सोंग वाटेल का?

घाला. बिनधास्त घाला.

तुम्ही लिहिलंय की एडिंबराला शिकायला आला आहात, मित्राने गावाकडच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला बोलावलंय, त्याच्या घरचे पुरुष किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार पोशाख, घालून जातात आणि तुम्हालाही घरातलाच एक देऊ करतायत. तो घातला तर सोंग वाटेल का, हा तुमचा प्रश्न. नेमका हाच शब्द माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने नऊ वर्षांपूर्वी मला तोंडावर ऐकवला होता. म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही मूळचे जालन्याचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मी स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये राहतो, बायको इथलीच. लेकीचा बाप्तिस्मा ठरला तेव्हा दादा आणि वहिनी पुण्याहून मुद्दाम आले होते. आदल्या रात्री सासऱ्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. पलंगावर त्यांचा किल्ट पसरलेला होता, ब्लॅक वॉच टार्टनचा, म्हणजे त्या नावाच्या चौकटींच्या नक्षीचा, गडद हिरवा आणि निळा. आठ यार्ड लोकरी कापड, आणि त्यातलं बहुतेक मागच्या चुण्यांत गेलेलं. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा घोंगडी उचलल्यासारखा जड लागला.

त्यांनी मला तो स्वतः घातला. आधी आतला पदर डावीकडे नेला, त्याचा पट्टा कमरेजवळच्या चिरेतून बाहेर काढून बक्कल लावलं. मग वरचा पदर उजव्या कमरेवर आणून दोन पट्टे आवळले. आणि म्हणाले, गुडघे टेक. मी जमिनीवर गुडघे टेकले. ते खाली वाकून बघत होते, काठ जमिनीला लोळतोय का. लोळत नव्हता. आमची उंची सारखीच होती. उठल्यावर त्यांनी पाठीमागच्या चुण्यांवरून एकदा हात फिरवला, आई वहिनीच्या निऱ्या सारख्या करायची ना, अगदी तसा.

सकाळी दादाने मला बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "अनुवाद बावीस-पाच," एवढंच म्हणाला. म्हणजे बायबलातलं वचन, पुरुषाने स्त्रीचं वस्त्र नेसू नये. उपासनेला तो सगळ्यात मागच्या बाकावर बसला. पाळकसाहेबांनी लेकीच्या कपाळावर पाणी लावलं तेव्हा पुढे आला नाही. फोटोतही नाही. आजही तो फोटो भिंतीवर आहे आणि त्यात वहिनी एकटी उभी आहे.

त्या वचनाचं उत्तर सोपं आहे. ज्या मुलखात किल्ट पुरुषाचा पोशाख आहे तिथे ते स्त्रीचं वस्त्र होतच नाही. माझे सासरे तरुणपणी पलटणीत होते, रविवारी अख्खी पलटण किल्टमध्ये कवायत करत चर्चला जायची. आपल्याकडे केरळातले पुरुष मुंडू नेसून चर्चला जातात, त्यांना कोणी हे वचन दाखवत नाही.

पण दादाचा खरा घाव रात्री बसला. म्हणाला, "हे तुझं नाही. तू सोंग काढलंस, तेही देवापुढे." मी त्या वेळी गप्प राहिलो. घरात पाहुणे होते.

आता बोलतो. दादा, तू ज्या सुटात बसला होतास तो तरी आपला कुठला? आपले पणजोबा जालन्याला धोतर नेसून, पागोटं बांधून उपासनेला जायचे, हे आजीने आपल्या दोघांनाही सांगितलंय. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले, स्कॉटिश मिशनचेच पाळक. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते डोक्यावर पागोटं घालूनच उभे राहिले आणि लोकांनी त्यांना मान देऊन ऐकलं. तू म्हणशील, बघ, ते आपल्याच पोशाखात गेले. मान्य. पण मग टाय लावून मला शिकवू नकोस.

आणि "त्यांचं" म्हणजे तरी काय? कलोडनच्या लढाईत बंड मोडल्यानंतर ब्रिटिश सरकारने १७४६ च्या कायद्याने हायलँडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, हा पोशाख बंद केला होता, ती बंदी १७८२ ला उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने त्याच्यासाठी टार्टनचा थाट मांडला आणि त्यानंतर डोंगराखालच्या लोकांनीही किल्ट आपला म्हटला. टार्टनला आशीर्वाद देण्याची खास उपासना असते ना, तीसुद्धा १९४१ ची आहे, वॉशिंग्टनमध्ये पीटर मार्शल नावाच्या स्कॉटिश पाळकाने सुरू केलेली. कोणी तुम्हाला ती बंदीच्या काळापासूनची आहे म्हणून सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या.

मुद्दा असा की सासऱ्याने जावयाला पोशाख करणं हे आपल्याकडे सोंग मानत नाहीत. तो आहेर असतो, अंगावर घालायचा असतो, नाही घातला तर रुसवा होतो. माझ्या सासऱ्यांनी मला आहेर केला. तुमच्या मित्राच्या घरचे तुम्हाला तेच करतायत. दुकानातून गंमत म्हणून भाड्याने आणलेला वेगळा, आणि घरच्या माणसाने कपाटातून काढून दिलेला वेगळा.

आता कामाचं. सकाळच्या उपासनेला ट्वीडचं साधं जॅकेट, चामड्याचा साधा स्पोरन (कमरेला पुढे लटकणारी पिशवी), लोकरी मोजे. चकचकीत बटणांचं आखूड प्रिन्स चार्ली जॅकेट संध्याकाळच्या समारंभाचं, ते सकाळी नको. पिन फक्त वरच्या पदराला लावा, दोन्ही पदरांतून आरपार गेली तर बसताना कापड फाटतं. टोपी दारात काढायची. बाकावर बसताना मागच्या चुण्या हाताने खाली सारून बसा, गुडघे जवळ ठेवा. आणि आत चड्डी घालाच. किल्ट दुसऱ्याचा आहे, जागा देवाची आहे, तिथे शौर्य दाखवायचं कारण नाही. मोज्यातला छोटा सुरा, स्कीअन डू, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून कायद्याला चालतो, पण उपासनेला मी तो घरीच ठेवतो.

टार्टन एखाद्या कुळाची खास नक्षी असेल तर आपलं आडनाव नाही म्हणून कचरू नका, देणाऱ्याने दिलाय. ब्लॅक वॉच तर कोणीही घालतं.

एक सांगायचं राहिलं. सगळ्या मंडळ्या सारख्या नसतात. काही ठिकाणी दर रविवारी एकही किल्ट दिसत नाही, फक्त लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी. मित्राला आदल्या दिवशी विचारा की त्या रविवारी तो स्वतः घालणार आहे का. तो सुटात येणार असेल तर तुम्हीही सुटात जा.

सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या अंत्यविधीला मी तोच किल्ट घातला, शवपेटी कबरीत उतरवायची एक दोरी माझ्या हातात होती. सासूबाई कबरीपाशी माझ्याकडे आल्या आणि काही न बोलता मागच्या चुण्या सरळ केल्या.

डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे, जालन्याच्या आमच्याच चर्चमध्ये. किल्ट घेऊन येतोय असं दादाला कळवलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. वहिनीने इस्त्रीवाल्याची वेळ विचारून ठेवलीय.