धंदा बुडाला म्हणून माणूस ‘दिवाळखोर’ होतो का?

धरणगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे: वडिलांची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, बंद पडली, शेत विकून त्यांनी सगळ्यांचं देणं फेडलं, तरी गाव त्यांना दिवाळखोर म्हणतं. हा शब्द बरोबर आहे का?

नाही. कायद्यानं नाही आणि भाषेनंही नाही.

‘दिवाळं’ हा शब्द दिव्याशी जोडतात. देणी भागवता येत नाहीत हे कळवायला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावी, अशी जुनी चाल सांगतात. म्हणजे दिवाळं ही उघड कबुली होती. बिघडवलं ते ‘खोर’नं. फारसीतला हा प्रत्यय, अर्थ ‘खाणारा’: लाचखोर, व्याजखोर. मराठीत तो वाईट सवयीला चिकटला: भांडखोर, चहाडखोर. एकदा बुडालेल्याला तो लावला की बुडणं हा त्याचा स्वभावच ठरतो.

कायद्याच्या मराठीत ‘नादार’ हा सौम्य शब्द आहे, ज्याच्याजवळ नाही तो. 2016 च्या कायद्याचं नावच नादारी व दिवाळखोरी संहिता. देणं थकलं की नादारी. व्यक्तीला किंवा भागीदारी पेढीला न्यायाधिकरणानं आदेश काढून तसं ठरवलं की दिवाळखोरी. कंपनी असेल तर ती अवसायनात निघते, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवत ती गुंडाळली जाते. ज्यांनी देणं फेडलं, ते यातल्या कशातच बसत नाहीत.

कापसाच्या मुलखात तरी हा फरक पाळायलाच हवा. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 ला ती संपली, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बसल्या. वेचणीपासून गिरणीपर्यंत माल कुणीतरी स्वतःच्या पैशानं धरून ठेवावा लागतो. भाव चढला तर नफा, पडला तर खोट. भांडवलशाहीत नफ्याचं समर्थन या जोखमीवरच उभं आहे. मग खोट आलेल्याला गुन्हेगार ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

अमळनेरला 1945 साली सुरू झालेल्या तेल कंपनीच्या, आजच्या विप्रोच्या, नावात ‘लिमिटेड’ होतं. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे भागांपुरतेच पैसे जाणार. एकट्याच्या किंवा भागीदारीतल्या जिनिंगला ही ढाल नसते, तिथं घरदारही देण्यात जातं. शेतकऱ्यालाही नसते, त्याच्यासाठी आपण ‘कर्जबाजारी’ असा वेगळाच शब्द ठेवलाय, आणि तोही टोचतोच.

ताई, ‘वडिलांनी जिनिंग बंद केली, देणं फेडलं’ एवढंच म्हणा. ऐपत असून सावकारांना बुडवणाऱ्यासाठी मराठीत ‘देणेबुडवा’ हा नेमका शब्द आहे. तो त्यालाच लावावा.