खेळणी घेण्याआधी वॉर्डात विचार

भावा, वॉर्डातल्या आजारी मुलांना खेळणी द्यायला व्हिडिओ गेमची टुर्नामेंट भरवतोयस, तर तारीख ठरवण्याआधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या बालरोग विभागात जाऊन सिस्टरांना विचार: मुलं किती, वयं काय, काय चालतं. टेडी नकोच. कापडात जंतू राहतात, पुसून निघत नाहीत. गुळगुळीत प्लॅस्टिकची, सीलबंद नवी खेळणी घे. बटण सेलवाली (छोट्या गोल चपट्या सेलची) अजिबात नको; सेल गिळून अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. बऱ्याचदा एका हाताला सलाइन असते, म्हणून दुसऱ्या हातानं खेळता येतंय का ते स्वतः करून बघ.

नॉकआउटला 32 जण म्हणजे 31 सामने. पंधरा मिनिटांचा एक धरलास तर दोन कन्सोलवर चार तास जातातच. प्रवेश फी 100 ठेव, पण बक्षीस त्यातून काढू नको. पैसे स्वतःच्या खात्यावर घेतलेस की घरखर्चात मिसळतात; वेगळं खातं वापर.