वय ३८, पहिल्या बाळासाठी प्रयत्न करतोय, एएमएच कमी आलाय. खरंच उशीर झाला आहे का?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. वय ३८, चार महिन्यांपासून चान्स घेताय, पाळी नियमित, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) १.१, आणि तो आकडा बघून डॉक्टर म्हणाल्या की आता थांबू नका, सरळ आयव्हीएफ, म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याचा उपचार, करून घ्या. तुम्ही तुमची सोनोग्राफी लिहिली आहे, थायरॉइड लिहिलं आहे, व्हिटॅमिन डीचा आकडासुद्धा दिला आहे. तुमच्या मिस्टरांच्या तपासणीचा उल्लेख मात्र कुठेच नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी डॉक्टर नाही, पण या वाटेवर जवळजवळ तीन वर्षं काढली आहेत.

मी ३७ व्या वर्षी सुरुवात केली. सहा महिन्यांत काही झालं नाही म्हणून दवाखाना गाठला, आणि पुढचे आठ महिने फक्त माझ्याच तपासण्या झाल्या. रक्त, दिवसाआड फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं ती पिशवी, बघायला सोनोग्राफी, ट्यूब मोकळ्या आहेत का ते बघणारी एचएसजी. त्या वेळी पोटात आलेली कळ अजून आठवते. सगळं नॉर्मल निघालं. गोळ्या बदलत राहिल्या, महिने जात राहिले. नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही, तो स्वतःहून बोलला नाही आणि मलाही सुचलं नाही, कारण वय माझं झालंय म्हणजे अडचण माझ्यातच असणार, हे मी मनाशी धरूनच बसले होते. शेवटी डॉक्टर बदलले. नव्या बाईंनी माझी जाडजूड फाइल शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठाय?"

दोन दिवसांनी तो आला. शुक्रजंतू मिलीलीटरला ९० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. हालचाल करणारे शुक्रजंतू किमान ४२ टक्के हवेत, ते २८ होते. आकडा या मर्यादेखाली आला म्हणजे मूल होणारच नाही असं मुळीच नाही, पण वाट लांबते. नवरा तो कागद हातात धरून गाडीपाशी कितीतरी वेळ नुसता उभा होता. मला रडू आलं. आठ महिने वाया गेल्याचं दुःख होतंच, पण दोष एकट्या माझा नाही हे कळल्यावर जे सुटल्यासारखं वाटलं, तेही त्या रडण्यात होतं.

मूल राहायला वेळ लागतो अशा साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीने. आणि वीर्य तपासणी ही सगळ्यांत साधी तपासणी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, बस. ना सुई, ना भूल. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे आजच्या रिपोर्टमध्ये तीन महिन्यांपूर्वीचा मोठा तापसुद्धा दिसू शकतो आणि आज केलेली सुधारणा तीन महिन्यांनीच दिसते. म्हणूनच ही तपासणी शेवटी ठेवू नका. तुमचे मिस्टर जिममध्ये टेस्टोस्टेरॉन घेत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला लावा. बाहेरून हे हार्मोन घेतलं की शरीरात शुक्रजंतू बनणं जवळजवळ बंद पडू शकतं, आणि पुष्कळ पुरुषांना हे माहीतच नसतं. माझ्या नवऱ्याने सिगारेट सोडली. तीन महिन्यांनी संख्या २ कोटी १० लाख आली. सिगारेट सोडल्यामुळेच आली असं छातीठोकपणे म्हणणार नाही, एकाच माणसाच्या दोन नमुन्यांतही बराच फरक पडतो. म्हणून पहिला रिपोर्ट खराब आला तर दुसरा करून घेतल्याशिवाय कुठलाच निष्कर्ष काढू नका.

आता तुमच्या एएमएचबद्दल. हा आकडा अंडाशयात बीजांचा साठा साधारण किती उरलाय याचा अंदाज देतो. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी किती बीजं मिळतील हे सांगायला तो खरोखर उपयोगी आहे. पण घरच्या घरी दिवस राहतील की नाही, हे तो सांगत नाही. २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या या स्त्रियांमध्ये ज्यांचा एएमएच ०.७ पेक्षाही कमी होता, त्यांना दिवस राहण्याची शक्यता बाकीच्यांइतकीच निघाली. तुमचा १.१ आहे. कारण साधं आहे. महिन्याला लागतं एकच बीज. कोठारात किती पोती आहेत यावर उद्याचं एक जेवण ठरत नाही. साठा कमी आहे याचा अर्थ एवढाच की अनेक वर्षं थांबायची मुभा तुमच्याकडे नाही.

वयाचा खरा परिणाम होतो तो बीजाच्या प्रतीवर. बाई जन्माला येते तेव्हा तिच्याकडे १० ते २० लाख बीजं असतात, वयात येताना ३ ते ४ लाख, आणि ३७ च्या सुमारास साधारण २५ हजार. ही सगळी बीजं आपल्या जन्माआधीपासून अर्धवट विभागलेल्या अवस्थेत थांबलेली असतात. ३८ वर्षं थांबलेलं बीज जेव्हा विभागणी पूर्ण करायला जातं, तेव्हा गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचं प्रमाण वाढतं. असं बीज बहुतेक वेळा रुजतच नाही, किंवा रुजून लवकर गळून जातं. दर महिन्याची शक्यता कमी होण्यामागे आणि गर्भपात वाढण्यामागे मुख्य कारण हेच आहे. तुम्ही जिने चढलात, ऑफिसला गेलात, दोन वर्षं उशिरा लग्न केलंत, यातल्या कशाला पापासारखं मोजत बसू नका.

पण हा उतार लोक सांगतात तितका कड्यासारखा नाही. ३५ ते ३९ मधल्या तीनपैकी एका बाईला वर्षभरात दिवस राहत नाहीत, हे वाक्य तुम्हीही वाचलं असेल. त्यामागची आकडेवारी फ्रान्समधल्या १६७० ते १८३० या काळातल्या जन्मनोंदींवरून काढलेली आहे. तेव्हा ना प्रतिजैविकं होती ना सोनोग्राफी. युरोपातल्या सात शहरांमधल्या ७८२ जोडप्यांचा अभ्यास २००४ साली आला. त्यात आठवड्यातून दोनदा संबंध ठेवणाऱ्या ३५ ते ३९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात साधारण ८२ जणींना वर्षात दिवस राहतात असा हिशेब निघाला. त्याच अभ्यासात पुरुषाचं वय ३५ वरून ४० वर गेलं की वर्षभरात दिवस न राहण्याचं प्रमाण १८ वरून २८ टक्क्यांवर जातं हेही दिसलं. पुन्हा तेच, मिस्टरांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही.

चार महिन्यांत तुम्ही दिवस कसे मोजलेत? हे विचारते कारण मी पाच महिने चुकीचे मोजले. माझी पाळी २६ दिवसांची. मोबाइलमधलं अ‍ॅप चौदाव्या दिवसावर ठिपका दाखवायचं आणि आम्ही तेराव्या दिवसाची वाट बघायचो. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ साधारण १४ दिवसांचा असतो, तो शेवटाकडून मोजायचा. म्हणजे माझं बीज बाराव्या दिवसाच्या आसपास सुटत होतं. सुटलेलं बीज जगतं १२ ते २४ तास. शुक्रजंतू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, म्हणून त्यांनी आधीच जाऊन थांबलेलं बरं. १९९५ च्या एका गाजलेल्या अभ्यासात सगळ्या गर्भधारणा बीज सुटण्याचा दिवस धरून त्याआधीच्या सहा दिवसांतच झालेल्या आढळल्या. आम्ही दर महिन्याला गाडी गेल्यावर फलाटावर पोचत होतो.

बीज सुटण्याआधी वाढणारं हार्मोन लघवीत ओळखणाऱ्या एलएच पट्टीने मला ते दाखवलं. अकराव्या दिवशी संध्याकाळी बेसिनच्या कडेवर पट्टी ठेवली होती, आणि दुसरी रेघ हळूहळू पहिलीपेक्षाही गडद झाली. अशी रेघ आली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. पण पट्टीची वाट बघत थांबू नका. पाळी थांबली की दोन-तीन दिवसांच्या अंतराने संबंध ठेवत राहिलात तर तारखेचं ओझं बरंचसं उतरतं. त्या ठरावीक रात्री नवऱ्यावरही किती दडपण येतं, ते मला फार उशिरा कळलं. नंतर पाय वर करून पडून राहण्याने काही फरक पडत नाही. बाजारातली काही वंगणं शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात, वापरत असाल तर डॉक्टरांना विचारून निवडा.

फॉलिक अ‍ॅसिड चालू नसेल तर आजपासून सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, तोवर पुष्कळ जणींना पाळी चुकल्याचंही नीट उमगलेलं नसतं. मधुमेह किंवा फिट्सचा त्रास असेल तर डोस वेगळा असतो, आणि फिट्सची किंवा बीपीची काही औषधं बाळाला चालत नाहीत. ती स्वतःहून बंद न करता आधी विचारा. रुबेलाची लस राहिली असेल तर ती घेऊन एक महिना थांबावं लागतं, म्हणून तेही आत्ताच बघून घ्या.

पुढचं लिहू की नको, असं झालं होतं. पण मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते. साडेअडतिसाव्या वर्षी मला आपोआप दिवस राहिले. नवव्या आठवड्यात सोनोग्राफी करताना डॉक्टर बोलत होत्या त्या मध्येच थांबल्या आणि त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. ठोके थांबले होते. या वयात साधारण चारपैकी एक गर्भ असा जातो, आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण तीच गुणसूत्रांची चुकलेली वाटणी. मी दोन महिने आठवत बसले होते की मी काय उचललं, कुठे वाकले. त्यातलं काहीच कारण नव्हतं. पुढे दिवस राहिले की दहाव्या आठवड्यापासून एनआयपीटी ही बाळाच्या गुणसूत्रांतला दोष शोधणारी, आईच्या रक्ताची तपासणी करता येते. डाऊन सिंड्रोमची शक्यता ३५ व्या वर्षी सुमारे साडेतीनशेत एक आणि ४० व्या वर्षी शंभरात एक असते. ही तपासणी फक्त चाळणी लावते, पक्कं निदान त्यापुढच्या तपासणीनेच होतं.

त्यानंतर आम्ही आयव्हीएफकडे वळलो. ७ बीजं मिळाली, त्यातली ५ पक्व होती, ४ फळली, पाचव्या दिवसापर्यंत २ गर्भ टिकले. पहिला रुजला नाही. दुसरा रुजला, आणि मुलगी झाली तेव्हा मला चाळीस पूर्ण व्हायला एक महिना उरला होता. सातातून एक, हा हिशेब तुम्हाला आधी माहीत असावा. आयव्हीएफ बीजाचं वय कमी करत नाही. ते बंद ट्यूबला वळसा घालतं, कमी शुक्रजंतूंवर मार्ग काढतं, आणि एका महिन्यात अनेक बीजांना संधी देतं. तुमच्या बाबतीत या तिन्हींपैकी कशासाठी ते हवंय, हे दोघांचे रिपोर्ट आल्याशिवाय कळायचं कसं?

"टेन्शन घेऊ नका, आपोआप होईल" असं म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. २०११ साली १४ अभ्यासांतल्या साडेतीन हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा उपचाराआधीच्या ताणामुळे उपचार फसतो असं आढळलं नाही. झोप नीट लागावी म्हणून मदत जरूर घ्या, पण काळजी केली म्हणून दिवस राहिले नाहीत असा आरोप स्वतःवर घेऊ नका.

पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून तपासणीला जावं, चाळिशीनंतर लगेच जावं, असा डॉक्टरांचा नियम आहे. पाळी फार दुखत असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, आई किंवा बहिणीची पाळी लवकर गेली असेल, तर सहा महिनेही थांबू नये. तुमचे चार झाले. मी तुमच्या जागी असते तर या आठवड्यात मिस्टरांची तपासणी करून घेतली असती, याच चक्रात एचएसजी, आणि ते दोन्ही नीट आले तर दिवस बरोबर मोजून आणखी दोन-तीन महिने घरीच प्रयत्न. संख्या फारच कमी आली किंवा ट्यूब बंद निघाल्या, तर तुमच्या डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे आणि मग एक महिनाही दवडू नका. पुढच्या भेटीला दोघं जा. दोघांचे रिपोर्ट आले की इथेच लिहा, मला जेवढं समजतं तेवढं नक्की सांगेन.